गडाची भाषा, घरची भाषा

तुलनात्मक राजकारणाच्या पेपरासाठी यंदा सरांनी वर्गात चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येक चिठ्ठीत दक्षिण आशियातल्या दोन भाषा. या दोन भाषांचं आणि राज्यसत्तेचं नातं काय, हे वीस मिनिटांत वर्गापुढं मांडायचं. कुणाला तमिळ आणि सिंहली मिळाल्या, कुणाला उर्दू आणि बंगाली. ती मुलं खूश झाली, कारण त्यावर सीनियरांच्या तयार नोट्स फिरत असतात. माझ्या चिठ्ठीत निघालं 'जोंगखा आणि मैथिली'. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "मोमो आणि लिट्टी-चोखा!" वर्ग हसला, मीही हसलो. नंतर कळलं की दोन्ही पदार्थ चुकलेत. भूतानी माणसाचं रोजचं जेवण म्हणजे एमा दात्शी, मिरच्या आणि चीजची भाजी. आणि मैथिलीवाल्याला लिट्टी आपली म्हटलेली फारशी चालत नाही, त्याचा जीव मासा, पान आणि मखाण्यात.

मैथिलीपुरती माझी सोय हॉस्टेलवरच होती. माझा रूममेट मधुबनी जिल्ह्यातला. जोंगखासाठी मात्र लायब्ररी आणि इंटरनेट, दुसरं काही नाही.

मी खानापूरकडचा. सीमाभागातल्या घरात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात एक हिशेब लहानपणापासून पक्का बसलेला असतो: राज्य मिळालं की भाषा वाचली. त्यामुळं पहिल्याच दिवशी मी स्लाइडचं शीर्षक ठरवून टाकलं, 'राज्य असलेली भाषा आणि राज्य नसलेली भाषा'. जोंगखा सुखी, मैथिली दुःखी, वीस मिनिटं भरली. तीन आठवडे वाचल्यावर हे शीर्षक मला खोडावं लागलं. का खोडावं लागलं, ते इथं सांगतो.

आधी उच्चार. इंग्रजीत या भाषेचं नाव डी आणि झेडनं सुरू होतं, म्हणून वर्गातल्या मुलांची जीभ अडखळत होती. आपल्याला ती अडचण नाही. जोंधळ्यातला 'जो' म्हणा, झालं. 'जवळ', 'जोर' यांतला तो दंत्य ज आपल्या तोंडात आधीपासून आहे. गंमत अशी की जोंगखा ज्या तिबेटी लिपीत लिहितात तिची अक्षरंही क, ख, ग, ङ अशीच सुरू होतात, कारण ती लिपी ब्राह्मीच्याच वंशातली. त्यांनी दंत्य च-ज साठी साध्या च-ज ला एक छोटी शेपटी जोडून वेगळी अक्षरं केली. आपण अजून एकाच 'ज'वर दोन्ही कामं भागवतो.

जोंग म्हणजे गड आणि खा म्हणजे तोंड, त्यावरून बोली. गडावर बोलतात ती जोंगखा. सतराव्या शतकात झाबद्रुंग नगावांग नामग्याल यानं पश्चिम भूतानच्या खोऱ्यांत एकामागून एक जोंग उभे केले. अर्ध्या भागात मठ, अर्ध्या भागात कचेरी. कर तिथं भरायचा, न्याय तिथं मागायचा. तिथली भाषा ज्याला येते त्याचं काम होतं. म्हणजे या भाषेच्या नावातच सरकार बसलेलं आहे.

मैथिलीच्या नावात सरकार नाही, एक प्रदेश आहे. मिथिला. दरभंग्याहून भूतानच्या सीमेवरचं फुंत्शोलिंग सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर. एवढ्या अंतरात भाषेचं कुळच बदलतं. मैथिली आपल्या मराठीसारखी आर्यभारतीय, जोंगखा तिबेटी कुळातली. तरी दोघींत एक गोष्ट मला सारखी सापडली: समोरच्याचा मान राखायची हौस. जोंगखात थोर माणसाच्या हाताला, डोक्याला, जेवण्या-झोपण्याला वेगळेच शब्द आहेत, आणि वाक्याच्या शेवटी 'ला' लावला की बोलणं अदबीचं होतं. मैथिलीत तो मान क्रियापदात शिरतो, आणि नुसता कर्त्याचा नाही, कर्माचासुद्धा. 'मी त्याला पाहिलं' म्हणायचं तर 'देखलिऐ', आणि तोच माणूस मोठा असेल तर 'देखलियनि'. पाहणारा मीच, पण कुणाला पाहिलं यावर क्रियापद बदलतं. उलट स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा जाच तिथं फार कमी. रूममेट हिंदी बोलताना लिंगाच्या चुका करतो म्हणून मेसमध्ये पोरं त्याची टर उडवतात. ती चूक त्याच्या अडाणीपणाची नव्हे, ती त्याच्या आईच्या भाषेची खूण आहे, हे मला आत्ता कळलं. आपल्या हिंदीवर हसणाऱ्यांनाही हे कुणीतरी सांगायला हवं.

आता मुद्द्याकडं येऊ.

१९७१ साली भूतानमध्ये जोंगखा अधिकृतपणे राष्ट्रभाषा झाली. २००८ च्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात राष्ट्रभाषा म्हणून तिचं नाव आहे. नागरिकत्व मिळवायचं तर जोंगखा बोलता आणि लिहिता यायला हवी, अशी अट त्याच घटनेत आहे. भाषेसाठी सरकारी आयोग होता, शाळेत ती सक्तीची आहे, राजा जनतेशी तिच्यात बोलतो. सीमाभागातल्या कुठल्याही चळवळीनं स्वप्नात मागावं ते सगळं या भाषेला मिळालेलं आहे.

पण घरी जोंगखा बोलणारे किती? साधारण पावणेदोन लाखांच्या आसपास. २०१७ च्या गणनेत देशाची लोकसंख्या सव्वासात लाखांच्या वर होती. म्हणजे चौघांत एकाचीच ती मातृभाषा. मूळची ती पश्चिमेकडच्या जिल्ह्यांची, थिंफू, पारो, पुनाखा, हा या बाजूची. पूर्वेकडं त्शांगला, मध्ये बुमथांगखा आणि खेंगखा, दक्षिणेकडं नेपाळी. छोट्याशा देशात दीड डझनाहून जास्त भाषा. बाकीचे लोक जोंगखा शिकतात ती दुसरी भाषा म्हणून, आणि ती सोपीही नाही. लिखाण जुन्या धर्मग्रंथांच्या भाषेजवळ राहिलंय आणि बोलणं पुढं निघून गेलंय. स्वतःच्या देशाचं नाव लिहिताना अक्षरं येतात साधारण 'ब्रुग'ची, आणि वाचायचं असतं 'ड्रुक'.

तरीही हा दोष भाषेचा नाही. आधुनिक शाळा सुरू झाल्या तेव्हा पुस्तकं आणि शिक्षक भारतातून येत, म्हणून सुरुवातीला माध्यम चक्क हिंदी होतं. साठच्या दशकात हिंदी गेली आणि इंग्रजी आली. ती आजतागायत आहे. गणित इंग्रजीत, विज्ञान इंग्रजीत, जोंगखा हा एक विषय. 'कुएन्सेल' हे तिथलं सर्वांत जुनं वर्तमानपत्र दोन्ही भाषांत निघतं, पण वाचक इंग्रजी आवृत्तीलाच जास्त. राजाचं भाषण जोंगखात ऐकायचं आणि नोकरीचा अर्ज इंग्रजीत भरायचा. गडाची भाषा गडावर आहे, ध्वजाजवळ, राष्ट्रगीतात. बाजारात आणि मोबाइलवर तिला इंग्रजीशी झगडावं लागतं, आणि या झगड्यात घटनेचं कलम फारसं कामाला येत नाही.

इथपर्यंत मला वाटलं, ठीक आहे, बिचारी जोंगखा. मग मी दक्षिण भूतानबद्दल वाचायला घेतलं.

दक्षिणेच्या पायथ्याशी शेती करणारे नेपाळीभाषक एकोणिसाव्या शतकापासून येऊन राहिलेले. भूतानमध्ये त्यांना ल्होत्शाम्पा म्हणतात, म्हणजे दक्षिणेकडचे. १९५८ च्या कायद्यानं त्यांतल्या अनेकांना नागरिकत्व दिलं. मग १९७५ साली शेजारचं सिक्कीम भारतात विलीन झालं. तिथंही नेपाळीभाषक बहुसंख्य होते, आणि थिंफूच्या राज्यकर्त्यांना उद्या आपलंही तेच होईल ही भीती बसली. ही भीती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. दोन अवाढव्य देशांच्या मधल्या छोट्या राज्याला असं वाटणं साहजिक आहे. पण त्या भीतीपोटी जे झालं ते वाचताना पुस्तक मिटावंसं वाटतं. १९८५ चा नवा नागरिकत्व कायदा. १९८८ ची गणना, तिच्यात १९५८ सालचा रहिवासाचा पुरावा मागितला गेला. १९८९ साली 'ड्रिगलाम नामझा' म्हणजे राष्ट्रीय रीतिरिवाजांची सक्ती: पुरुषांनी घो घालायचा, बायकांनी किरा. त्याच वर्षी शाळांतून नेपाळी विषय काढून टाकला. १९९० ला दक्षिणेत मोर्चे निघाले, धरपकड झाली, आणि पुढच्या काही वर्षांत एक लाखाच्या आसपास माणसं देशाबाहेर गेली. ती पूर्व नेपाळमधल्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत बांबूच्या झोपड्यांत राहिली. कुणी पंधरा वर्षं, कुणी वीस. २००७ नंतर त्यांना अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत पाठवायला सुरुवात झाली, बहुतेकांना अमेरिकेत. भूताननं छावण्यांतल्या जवळजवळ कुणालाच परत घेतलं नाही.

'एक राष्ट्र, एक लोक' असं त्या धोरणाचं नाव होतं. जोंगखानं कुणाला हाकललं नाही, भाषा असं काही करत नसते. पण ती येते की नाही हा प्रश्न माणसाच्या नागरिकत्वाच्या कागदाला टाचला गेला.

आणि आता मोरंगकडं बघा. त्या छावण्या जिथं होत्या तो पूर्व नेपाळचा तराई भाग. त्याच मोरंग जिल्ह्यात मैथिली बोलणारे पुष्कळ. माझ्या चिठ्ठीतल्या दोन भाषांच्या गोष्टी शेवटी एकाच जिल्ह्यात येऊन भेटल्या, आणि त्यांना जोडणारी तिसरी भाषा चिठ्ठीत नव्हतीच. ती म्हणजे नेपाळी.

भूतानमध्ये नेपाळीचं पुस्तक शाळेतून काढलं गेलं. नेपाळमध्ये काय होतं? १९६० ते १९९० ही पंचायत राजवटीची तीस वर्षं. एक राजा, एक देश, एक भाषा, एक वेष, असं तिथलं धोरण. भाषा नेपाळी, वेष दौरा-सुरुवाल. तराईतल्या धोतर नेसणाऱ्या मैथिली माणसाला काठमांडूत परका समजत. १९९० ला लोकशाही आली. नव्या घटनेत बाकीच्या मातृभाषांना 'राष्ट्रीय भाषा' असं गोड नाव मिळालं, पण कामकाजाची भाषा नेपाळीच राहिली. १९९७ साली धनुषा जिल्हा विकास समिती आणि राजविराज नगरपालिका यांनी ठरवलं की आपण कारभारात मैथिलीही वापरू. काठमांडू महापालिकेनं नेपाळ भाषेसाठी, म्हणजे नेवारीसाठी, तसंच ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ जून १९९९ रोजी निकाल आला: हे घटनाबाह्य आहे. नगरपालिकेच्या सूचनेचा कागद लोकांच्या भाषेत काढणं घटनाबाह्य! आपल्याकडच्या कुणालाही हा निकाल वाचून ओळखीचं वाटेल, जास्त सांगत नाही.

म्हणजे तीच नेपाळी. सीमेच्या या बाजूला ती बोलली म्हणून माणूस परका ठरतो, आणि त्या बाजूला ती नीट बोलता आली नाही म्हणून परका ठरतो. त्या भाषेचं व्याकरण बदललेलं नाही, शब्द बदललेले नाहीत. फक्त कचेरीत कोण बसलंय ते बदललंय. माझ्या स्लाइडवरचं 'सुखी भाषा, दुःखी भाषा' इथं मोडलं.

मैथिलीची पूर्ण गोष्ट सांगायला एक लेख पुरणार नाही. थोडक्यात सांगतो, पण आकडे नीट बघा. ज्योतिरीश्वर ठाकूर यांचा 'वर्णरत्नाकर' हा गद्यग्रंथ चौदाव्या शतकातला. विद्यापती साधारण त्याच शतकात जन्मले, आणि त्यांची पदं बंगालपर्यंत पोचली. काठमांडूच्या खोऱ्यातल्या मल्ल राजांच्या दरबारात मैथिली नाटकं होत. म्हणजे ज्या काठमांडूत पुढं ती कारभाराला नालायक ठरली, तिथं एकेकाळी राजे तिच्यात नाटकं लिहवून घेत होते. १८१६ च्या सुगौली तहानं ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळ यांच्यात सीमा आखली गेली आणि मिथिला दोन देशांत विभागली. जनकपूर तिकडं, दरभंगा-मधुबनी इकडं. सोयरीक आजही दोन्हीकडं चालते. रूममेटची एक आत्या सीमेपलीकडं दिलेली आहे. त्याला तो परदेश वाटत नाही, फक्त रिचार्जचा प्लॅन वेगळा लागतो.

नंतर ग्रिअर्सन आला. त्यानं १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला मैथिलीचं व्याकरण लिहिलं, तिला हिंदीहून वेगळी भाषा मानलं, आणि मग भोजपुरी-मगहीसोबत तिला 'बिहारी' नावाच्या एका टोपलीत घातलं. स्वतंत्र भारताच्या जनगणनेत ती टोपली हिंदीच्या मोठ्या टोपलीत गेली. १९९१ ला मैथिली ही हिंदीखालची एक मातृभाषा म्हणून मोजली गेली, आकडा सुमारे ७८ लाख. २००३ साली ९२ व्या घटनादुरुस्तीनं बोडो, डोगरी, संताली यांच्यासोबत मैथिली आठव्या अनुसूचीत आली. २००१ च्या गणनेचे भाषेचे आकडे नंतर प्रसिद्ध झाले, त्यांत मैथिली वेगळी: १ कोटी २१ लाख. २०११ ला १ कोटी ३५ लाख. दहा वर्षांत ७८ लाखांचे १ कोटी २१ लाख होतात, ते काही नुसत्या पाळण्यांमुळं नाही. आधी हिंदी सांगणारे लोक मैथिली सांगायला लागले. भाषा तीच होती, रकाना बदलला. नेपाळात २०२१ ला आणखी ३२ लाख, म्हणजे नेपाळीनंतर तिथली दुसरी मोठी भाषा.

दोन्ही देश मिळून दीड कोटीच्या वर माणसं. जोंगखाच्या मातृभाषकांच्या जवळजवळ शंभर पट. आणि काय मिळालंय? साहित्य अकादमीची मान्यता १९६५ पासून आहे. यूपीएससीला मैथिली साहित्य घेता येतं. २६ नोव्हेंबर २०२४ ला भारताच्या राज्यघटनेची मैथिली आवृत्ती राष्ट्रपतींच्या हस्ते प्रसिद्ध झाली. पण बिहारची राजभाषा हिंदी, दुसरी राजभाषा उर्दू. मधुबनीतल्या सरकारी शाळेत पहिलीचं पोर बसतं ते हिंदी माध्यमाच्या वर्गात. मैथिली यूपीएससीत आहे, पहिलीत नाही. रूममेट घटनेचा मैथिली अनुवाद मोबाइलवर उघडून वाचायला बसला आणि दोन पानांत दमला. त्यानं आयुष्यात मैथिलीत सलग काही वाचलंच नव्हतं. फोनवर आईशी अर्धा तास बोलतो तो माणूस.

लिपीचीही तीच कथा. मैथिलीची स्वतःची लिपी आहे, तिरहुता किंवा मिथिलाक्षर म्हणतात, बंगाली वळणाची. छापखाना आला, देवनागरी सोयीची पडली, तिरहुता लग्नपत्रिकांच्या कोपऱ्यात गेली. २०१४ साली ती युनिकोडमध्ये आली, तोवर वाचणारे फार थोडे उरले होते. हे लिहिताना आमच्या आजोबांच्या ट्रंकेतले मोडीतले कागद आठवले. जमिनीचे आहेत एवढंच घरात माहीत आहे. वाचता कुणालाच येत नाही.

पलीकडं जनकपूरमध्ये तर भाषेच्या प्रदेशाच्या मागणीसाठी रक्त सांडलंय. ३० एप्रिल २०१२ ला रामानंद चौकात वेगळ्या मिथिला प्रांतासाठी धरणं चालू होतं, तिथं बाँबस्फोट झाला. पाच जण गेले, त्यांत रंगकर्मी रंजू झा होत्या. पुढं २०१५ च्या घटनेनं प्रांत झाले. २०२१ साली तिथल्या भाषा आयोगानं त्या प्रांताच्या कामकाजासाठी मैथिली, भोजपुरी आणि बज्जिका या भाषांची शिफारस केली.

या यादीतलं तिसरं नाव, बज्जिका, यावर मला थांबायचं आहे, कारण माझं रूममेटशी भांडण तिथंच झालं.

मी त्याला सहज विचारलं, बज्जिका काय आहे? तो म्हणाला, "कुछ नहीं, मैथिली ही है, पश्चिम की बोली." आणि अंगिका? "वो भी मैथिली, पूरब की." म्हटलं, त्या लोकांना विचारलंस? तो गप्प. बज्जिका बोलणारे म्हणतात आमची भाषा वेगळी, अंगिकावाले म्हणतात आमची वेगळी. शिवाय मैथिलीच्या 'शुद्ध' रूपाबद्दलही तक्रार आहे: पुस्तकातली मैथिली ही दरभंगा-मधुबनीच्या ब्राह्मण-कायस्थांच्या घरातली, बाकी जातींच्या बोलण्याला ठेंठी म्हणून नाक मुरडलं जातं. मग शेतातला माणूस गणनेला आलेल्याला 'मैथिली' कशाला सांगेल? मी रूममेटला म्हणालो, हिंदीवाले तुला जे म्हणतात तेच तू अंगिकावाल्याला म्हणतोयस. तो चिडला. पण त्यानं उलटा प्रश्न टाकला तो मला लागला. "और तुम लोग कोंकणी को क्या बोलते थे?"

काय बोलणार? आपल्या मागच्या पिढ्यांतल्या मोठमोठ्या माणसांनी कोकणीला मराठीची बोली ठरवण्यात आयुष्यं घालवली. १९७५ ला साहित्य अकादमीनं तिला स्वतंत्र भाषा मानलं, १९८७ ला गोव्याचा राजभाषा कायदा झाला, १९९२ ला ती आठव्या अनुसूचीत गेली. गोव्यातल्या मराठी माणसाची समान दर्जाची मागणी मला पटते, ती घराघरांत वाचल्या-गायल्या जाणाऱ्या भाषेची मागणी आहे. पण 'ती भाषाच नव्हे' हे वाक्य आपण आपल्या तोंडानं बोललो होतो, हेही खरं. आणि आज त्या कायद्यात कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी, म्हणून रोमी लिपीत लिहिणारे तक्रार करतात. साखळी पुढं चालूच.

हे लिहिल्यावर या पेजवरच्या काही जणांना राग येईल, माहीत आहे. 'आपलं दुखणं सोडून हा कुणाचं गाऱ्हाणं गातोय' असं म्हणतील. बेळगाव-खानापुरात सात-बाराच्या उताऱ्यापासून बसच्या पाटीपर्यंत आपल्याला काय सोसावं लागतं ते मला कुणी शिकवू नये, मी त्याच बसनं शाळेत गेलोय. पण अक्कलकोट आणि जत तालुक्यांत कन्नड बोलणारी माणसं आहेत, आणि तिथं कचेरीतली भाषा मराठी आहे. मोरंगची गोष्ट वाचल्यापासून खानापूर आणि अक्कलकोट ही दोन नावं मला वेगवेगळी वाचता येत नाहीत.

प्रेझेंटेशन झालं. सरांनी शेवटी विचारलं, या दोघींतली शंभर वर्षांनी कोण टिकेल? वर्गातली बहुतेक मुलं जोंगखा म्हणाली, राज्य आहे म्हणून. मी म्हणालो, सर, ज्या भाषेत पोरगं पहिली पाच वर्षं गणित शिकेल ती टिकेल, आणि आज तसं दोघींतही होत नाही. सर म्हणाले, उत्तर टाळलंस. सातच मार्क कमी दिले, म्हणजे बरंच पटलं असावं.

रूममेट शेवटच्या बाकावर बसून ऐकत होता, त्याचा हा विषयसुद्धा नाही. त्या रात्री त्यानं एक गोष्ट कबूल केली. हॉस्टेलच्या प्रवेशाच्या फॉर्मवर मातृभाषेच्या रकान्यात त्यानं स्वतःच्या हातानं 'हिंदी' लिहिलं होतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. "सोचा ही नहीं," म्हणाला. त्याच्या आजीला विचारलं की तू काय बोलतेस, तर ती 'अपन बोली' एवढंच सांगते. जनगणना आता २०२७ ला आहे. दारात कुणीतरी कागद किंवा टॅब घेऊन येणार आणि आजीला मातृभाषा विचारणार. तेव्हा काय सांगायचं हे तो परवा फोनवर तिला समजावत होता. मला मैथिली येत नाही, पण भाषेचं नाव तो तीन वेळा म्हणाला तेवढं कळलं. मग फोनवरून आजीनं काहीतरी विचारलं आणि तो हसायला लागला. मी म्हटलं, काय झालं? म्हणाला, आजी विचारतेय, शेजारच्या घरातल्या बाईनं अंगिका सांगितलं तर चालेल का?

मी म्हटलं, मग तू काय सांगितलंस?

"बोल दिया, वो जो बोले, वही लिखवाए."